नसांतले हमाल

आठ दिवस झाले, लेक मला हात लावू देत नाही. पायांतलं बळ गेलंय, तरी जिन्यात एकटाच बसून राहतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नसांमधून माल वाहणारे हमाल असतात, मोटर प्रोटीन. केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्शाएवढे! दोन जाड नि दोन बारीक साखळ्या मिळून एक हमाल. ह्याच्या हमालांच्या जाड साखळीत एक मणी चुकलाय, आणि तो आईकडून, म्हणजे माझ्याकडून आलाय.

आज थकून मीही त्याच्या शेजारी पायरीवर टेकले.

“राग आहे ना माझा?”

“राग कसला, आई? तुझ्यातही तोच मणी आहे. मला उचलताना तूच कोसळलीस तर?”

“मेल्या, त्याच हमालांवर तुझ्या बापाला चाळीस वर्षं ओढलं मी. तू काय जड होणार? घाल गळ्यात हात.”