टाचेची झीज

"सँडल ठेव बाजूला," बोजेनाबाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी सगळ्यांना सँडलच आवडतात. तिसऱ्या दिवशी पट्ट्यांखालची सालं निघतात."

जमिनीवर वर्तमानपत्र पसरून त्यांनी घरातली सगळी पादत्राणं ओळीने मांडली होती. वॉर्साहून चेस्तोखोवाच्या मेरीमातेच्या देवळापर्यंत त्या अकरा वेळा पायी यात्रेला गेल्या होत्या. उद्या सकाळी त्यांची सून निघणार होती, पहिल्यांदाच. नऊ दिवसांची वाट.

मिलेना तिमेकला कडेवर घेऊन एका हाताने मोजे गुंडाळत होती. तिमेक एकोणीस महिन्यांचा झाला तरी चालत नव्हता. डॉक्टर म्हणाले होते, घाई करू नका. मिलेनाला धीर धरवला नाही. मी तुझ्यापर्यंत चालत येते, माझ्या पोराला चालतं कर, असा तिने मातेला नवस केला होता.

बोजेनाबाईंनी तिच्या बुटात मनगटापर्यंत हात घातला, बुटाचा तळ दुमडून पाहिला. "हे ने. पायाला बसलेत."

"मे महिन्यापासून रोज घालतेय, आई."

"दिसतंय ना. झीज खोटं बोलत नाही."

रादेक अंथरायची गुंडाळी घेऊन आला. "आई, तू तरी सांग हिला. गाडीने तीन तासांचा रस्ता आहे."

"मागायला पायी जातात. आभार मानायला तू जा गाडीने."

"म्हणजे हा आज चालला तर उद्या सगळे गाडीने! याला सांभाळायला घेतलेली माझी रजाही वाचली." रादेकने तिमेकच्या पोटाला गुदगुल्या केल्या. "ऊठ की रे आळशा. आईचे पाय वाचव."

तिमेक खिदळला आणि खाली झेपावू लागला. मिलेनाने त्याला आणखी वर ओढलं.

"सोड की त्याला खाली," बोजेनाबाई म्हणाल्या. "सकाळपासून बघतेय, कडेवरच आहे."

"फरशी गार आहे."

ऑगस्ट महिना होता. बोजेनाबाईंनी एकदा फरशीकडे पाहिलं आणि ओळीतला शेवटचा जोड उचलला. तिमेकचे तपकिरी कातडी बूट. सवयीने त्यांनी एक उलटा केला. मग त्या बराच वेळ त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

"रादेक, तळघरातून माझी पत्र्याची पेटी आण. सुईदोरा, फोडांचं सामान, सगळं त्यात आहे."

"आत्ता?"

"नाही, हिच्या पायाला फोड आल्यावर."

तो हसत गेला. दार लागलं. बोजेनाबाईंनी बूट मिलेनापुढे धरला.

"रांगणाऱ्या पोराचा बूट वरून घासतो, बोटांपाशी. हा टाचेला झिजलाय. आणि फटीत खडी आहे."

मिलेनाने हातातले मोजे खाली ठेवले.

"किती दिवस झाले?"

"आठ."

"कुठे?"

"पुलापलीकडच्या बागेत. तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही." ती थांबली. "पहिल्या दिवशी चार पावलं टाकली, आई. काल बाकापासून थेट कारंज्यापर्यंत गेला. पडला नाही. मागे वळून माझ्याकडे बघून हसला." सांगता सांगता तिचा चेहरा उजळला, आणि लगेच तिने मान खाली घातली.

"आणि घरात फरशी गार."

"रादेक काय म्हणाला ते ऐकलंत ना तुम्ही."

"अगं, आभार मानायलाही पायी जातात. मी दोनदा गेलेय. मला सांगायचंस, मी त्याला गप्प केलं असतं."

"आणि मी काय सांगितलं असतं?" मिलेनाचा आवाज खाली आला. "मला मागायचं नाहीये आणि आभारही मानायचे नाहीयेत. नऊ दिवस नुसतं चालायचंय. मागून कुणी आई म्हणून हाक मारली, तरी ती मला नसेल."

बोजेनाबाईंनी पिशवीवरची चिठ्ठी उचलली. वाटेत भोंग्यावर वाचायला अशा चिठ्ठ्या प्रत्येकजण देतो. मिलेनाने स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: माझ्या तिमेकला चालता येऊ दे.

"हे वाचतील," त्या म्हणाल्या. "अख्खा जथा याच्यासाठी प्रार्थना करेल. पायाला फोड आलेली म्हातारी माणसंसुद्धा."

"माहीत आहे मला."

"माहीत असून लिहिलंस?"

"दोन महिन्यांपूर्वी लिहिली होती. तेव्हा खरी होती."

"आणि आता?"

मिलेनाने चिठ्ठी परत घ्यायला हात पुढे केला नाही.  बोजेनाबाईंनीच ती होती तशी घडी घालून पिशवीच्या कप्प्यात सरकवली.

बाहेर लिफ्ट थांबल्याचा आवाज आला.

बोजेनाबाईंनी केसातली पिन काढली, छोट्या बुटाच्या फटीतले खडे एकेक करून वर्तमानपत्रावर पाडले, टाच एप्रनला पुसली आणि बूट ओळीत नीट जागेवर ठेवला.

"दे त्याला इकडे. तुझे बूट घालून नाड्या बांधून बघ."

मिलेनाने पोर त्यांच्याकडे दिलं आणि खाली बसली. नाडीला गाठ मारली. तिच्यावर आणखी एक मारली. वर पाहिलं नाही.

रादेक पेटी घेऊन आत आला. "काय आळशी महाराज, टेकले का पाय?"

आजीच्या हातातून तिमेक सगळा जोर लावून जमिनीकडे झेपावत होता. बोजेनाबाईंनी त्याच्या दोन्ही पोटऱ्या मुठीत धरल्या.

"अजून नाही," त्या म्हणाल्या.

त्यांच्या मुठींच्या खाली मोजे घातलेली दोन लहान पावलं हवेत चालतच होती.