दुसरी खूण

पाचव्या लेनमधल्याचा डावा पाय आतल्या रेघेवर पडला. नुसता चाटून गेला नाही, चांगला अख्खा पडला, आणि ड्रिलमास्तरांनी पिवळा झेंडा वर केला.

चारशे मीटरच्या अंतिम शर्यतीचं ते शेवटचं वळण होतं. चौथ्या आणि पाचव्या लेनवर नजर ठेवायचं काम मास्तरांचं, सहावी आणि सातवी शेजारी उभ्या असलेल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या बाईंकडे. आठवडाभराची रजा टाकून आलेली ही सगळी हौशी पंचमंडळी. पदरात पडायची ती एक टोपी आणि जेवणाची कुपनं, पण तोरा न्यायाधीशाचा.

आठही जण पुढे गेले तसे मास्तर वाकले. खिशातली चिकटपट्टी दाताने तोडून त्यांनी रेघेवर, पाय पडला होता तिथे लावली आणि झेंडा पुन्हा उंच धरून उभे राहिले. तेवढ्यात सगळं स्टेडियम उठून ओरडायला लागलं. टांग्या पहिला आला होता. या शर्यतीत या देशाला आजवर सोनं सोडाच, साधं कांस्यही मिळालेलं नव्हतं.

टांग्या म्हणजे पाचव्या लेनमधलाच; लांब टांगांमुळे लोकांनी ठेवलेलं नाव.

वळणावर रेघ एकदा तुडवली तर माफ असतं. नावापुढे एक खूण होते, बस्स. पण त्याच स्पर्धेच्या कुठल्याही फेरीत दुसऱ्यांदा तुडवली की माणूस बाद. टांग्याच्या नावापुढे परवाच्या उपांत्य फेरीतली एक खूण होतीच. सकाळच्या बैठकीत ती सगळ्या पंचांना वाचून दाखवली होती.

"मास्तर, झेंडा खाली घ्या ना," बँकेतल्या बाई हळूच म्हणाल्या.

"पाय दिसला ना तुम्हाला?"

"मी माझ्या लेन बघत होते." मग त्यांनाच राहवेना. "आणि दिसला असला तरी काय झालं? आपला पोरगा आहे हो तो."

"पायही आपल्याच पोराचा होता, बाई."

मास्तरांनी हे ठसक्यात म्हटलं खरं, पण आतून ते पार खचले होते. एकतीस वर्षं त्यांनी शाळेच्या मैदानावर फक्कीच्या रेघा मारून पोरं पळवली, त्यातलं एकही जिल्ह्याच्या पुढे गेलं नाही. सकाळी दाढी करता करता त्यांनी मनातल्या मनात टांग्याच्या गळ्यात पदक घालूनही टाकलं होतं.

मुख्य पंचांनी झेंडा बघितल्याशिवाय तो खाली घ्यायचा नाही आणि जागाही सोडायची नाही, असा नियम. मुख्य पंच मैदानाच्या पलीकडे इकडे पाठ करून कुणाला तरी मिठी मारत होते. वॉकीटॉकीवर नुसता आरडाओरडा चालला होता. कॅमेऱ्यातलं चित्रण तपासतात, पण कोणत्या लेनचं तपासायचं हे आधी झेंड्यावरून ठरतं. मास्तरांनी आत्ता हात खाली घेतला असता तर विषय तिथेच मिटला असता. एक पट्टी काय, बुटाच्या टोकानेसुद्धा निघते.

खांदा भरून आला. मास्तरांनी डाव्या हाताने उजव्या कोपराला टेकू दिला.

एव्हाना टांग्या देशाचा झेंडा पांघरून विजयाच्या फेरीला निघाला होता. समोरच्या बाजूने येत येत तो वळणाला लागला. लोक कठड्यावरून हात बाहेर काढत होते, तो वरवर टाळ्या देत पुढे सरकत होता. चारशे मीटर जीव तोडून पळालेले पाय आता जेमतेम चालत होते. मास्तरांच्या समोर आल्यावर तो थांबला. त्याने पिवळा झेंडा पाहिला, मग खाली पट्टी पाहिली.

"पाचवीच ना, सर?"

मास्तरांनी मान हलवली. बाई दुसरीकडे बघायला लागल्या.

"मला तेव्हाच कळलं होतं," टांग्या म्हणाला. अजून त्याला धाप लागत होती. "रंगाची रेघ पायाखाली गुळगुळीत लागते."

"अरे, मग फेरीला कशाला निघालास?" वर्गातल्या पोराला विचारावं तसं मास्तरांनी विचारलं.

"आई आलीय. तिथे, शेवटच्या सरळ भागात, वरच्या रांगेत." त्याने हनुवटीने पुढे दाखवलं. "नेहमी कामावर असते, कधी आली नव्हती. बोर्डावरचं नाव जायच्या आत तिच्यासमोरून एकदा जाऊन यावं म्हटलं."

मास्तरांनी तिकडे नजर टाकली. आणि नेमकं तेव्हाच पलीकडे मुख्य पंच वळले. त्यांना झेंडा दिसला. त्यांनी हात वर करून खूण केली आणि लांब लांब ढांगा टाकत ते निघाले. मध्ये भालाफेकीसाठी दोर बांधलेला होता, त्याला वळसा घालून यायचं म्हणजे दोन मिनिटं तरी लागणार होती.

टांग्यानेही ते पाहिलं. अंगावरचा झेंडा नीट करून तो आपल्या त्याच जड चालीने पुढे निघाला.

"ए!" मास्तर मैदानावरच्या आवाजात ओरडले. पिवळा झेंडा अजून त्यांच्या डोक्यावर सरळ उभा होता. "चालतोस काय असा? पळ!"