गोळ्यांचा ड्रॉवर

नात तीन वर्षांची, मुलखाची उपद्व्यापी. हाताला लागेल ते तोंडात. म्हणून मुलाने एका रविवारी घरातल्या झाडून सगळ्या ड्रॉवरना प्लास्टिकचे खटके बसवले, आजोबांच्या गोळ्यांच्या ड्रॉवरलासुद्धा. खटका दोन्ही अंगठ्यांनी एकदम दाबायचा आणि ओढायचं, की उघडलं.

आजोबांची उभी हयात कुलपं दुरुस्त करण्यात गेली होती. किल्ली हरवली की अख्खी गल्ली त्यांच्याच दारात यायची. पण आता हात थरथरायचे. त्यांनी तीनदा अंगठे टेकवून पाहिले, खटका ढिम्म हलला नाही.

"बाबा, तुम्हाला हे जमत नाही? कमाल आहे," मुलगा बूट घालता घालता हसत म्हणाला.

आजोबाही हसले. त्यानंतर त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही. मुलगा-सून कामावर गेले की घरात आजोबा आणि नात, दोघंच.

महिन्याभराने सुनेने कामावरून आल्या आल्या एकेक खटका चाचपून पाहिला. सगळे जागच्या जागी.

"बाबा, आता कसा जिवाला घोर नाही बघा. औषधांपर्यंत हिचा हात पोचणं शक्यच नाही. तुमच्या गोळ्या वेळेवर चालल्यात ना?"

"अगदी घड्याळ लावून," आजोबा म्हणाले.



मांडीवरच्या नातीने त्यांच्याकडे बघत ओठांवर बोट ठेवलं; रोज दुपारी तिने ड्रॉवर उघडून दिला की आजोबा ठेवायला लावायचे, तसं.