हयातीचा कडकडाट

दर नोव्हेंबरात पेन्शनसाठी यंत्रासमोर बोटं मोडून आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, हे द्वारकाबाई खैरनारांच्या अंगवळणी पडलं होतं. अंगठ्याचे ठसे कुणीही चोरतं, पण सांध्यांचा कडकडाट ज्याचा त्याचा, असं सरकारचं म्हणणं. आज शेवटचा दिवस होता आणि ऑफिस बंद व्हायला पाच मिनिटं उरली होती.

खिडकीतल्या अश्लेषाने त्यांना आत बोलावून स्वतःची खुर्ची दिली, वर पाणी विचारलं. सरकारी ऑफिसात ही वागणूक! द्वारकाबाईंना भरून आलं. "गुणाची गं माझी बाय," म्हणत त्यांनी तिच्या गालांवरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली. पोरीला बरीच दृष्ट लागली होती म्हणायची.

अश्लेषा आधी लाजली, मग तिचा चेहरा उतरला. "अहो मावशी, आता वीस मिनिटं सांधे वाजायचे नाहीत!"

द्वारकाबाईंनी यंत्रापुढे एकेक बोट ओढून, वाकवून पाहिलं. आवाज नाही.

"अगं, तू ऐकलंस ना आत्ता?"

"मी ऐकून काय उपयोग? यंत्राने ऐकायला हवं."

पाच वाजले. पडद्यावर 'मृत' उमटलं.

"मग उद्या येते."

"मृतांची बोटं यंत्र ऐकत नाही, मावशी. आता वारसाला पाठवा."

"मला कोण आहे गं?"

अश्लेषाने मान खाली घातली आणि खिडकी लावली.

बसस्टॉपवर पोचल्यावर द्वारकाबाई ऑफिसकडे वळल्या आणि सरकारच्या नावाने त्यांनी बोटं मोडली. दहाच्या दहा वाजली.