व्याधाखालचा पाहुणा

देवश्रीनं पुन्हा नंबर काढला आणि पुन्हा फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"लाव की भियाला!" शंतनू म्हणाला. "एवढा काय इज्जतचा सवाल करून बसलीयेस?"

नवऱ्याला बोलायला काय जातंय! भिया म्हणजे तिचा थोरला भाऊ राजवर्धन. ही देवासला, तो तिकडे नर्मदेकाठी धरमपुरीला. दोघांना ताऱ्यांचं वेड लहानपणी एकदमच लागलेलं. काही वर्षांपूर्वी हंस तारकासमूहातला एक नवा तारा देवश्रीनं पहिल्यांदा पाहिला, विश्वासानं दादाला सांगितला, आणि दादानं तो खुशाल एकट्याच्या नावावर जाहीर करून टाकला. तेव्हापासून बोलणं बंद. भाऊबीजेला ओवाळायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही.

आणि आता पुन्हा तसाच तारा! काल रंगपंचमी. पाहुणे आणि रंगाचा धुडगूस, त्यात गच्चीवर जाणं झालंच नाही. आज दिवेलागणीनंतर गेली, नेहमीसारखे फोटो काढले, तर व्याधाच्या खाली एक ठिपका चक्क ठाण मांडून बसलेला. परवाच्या फोटोत तिथं काही म्हणजे काही नव्हतं. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून तिनं त्याचं तेज मोजलं. पण नुसत्या तेजानं काय होतं? फुगणारे-आकसणारे म्हातारे तारेही मधूनच असे चमकतात आणि माणसाला तोंडघशी पाडतात. नोव्हा, म्हणजे स्फोट होऊन अचानक भडकलेला तारा, म्हणायचं तर त्याच्या प्रकाशाचा वर्णपट हवा, आणि वर्णपट घ्यायचं यंत्र तिच्या ओळखीत एकाच माणसाकडे होतं.

त्याला सांगावं तर तो पुन्हा गिळणार. न सांगावं तर जगातला दुसरा कुणी आधी बोलणार. इकडे आड, तिकडे विहीर. या एका ताऱ्यावर आपलं नाव लागावं म्हणून ती इतकी वर्षं गच्ची झिजवत होती.

शेवटी तिनं ताऱ्याचा ठावठिकाणा पाठवला. खाली लिहिलं, "नोव्हा आहे का, एवढंच सांग."

दोन निळ्या खुणा उमटल्या. उत्तर नाही.

दुसरा दिवस नुसता खायला उठला. शाळेत वर्ग घेताना तिचं लक्ष टेबलावरच्या फोनकडे. निरीक्षणाखाली तारीख-वेळ नसली की पोरांना सरळ भोपळा देणाऱ्या देवश्रीबाईंनी त्या दिवशी एकही वही उघडली नाही. तास संपला की ती नव्या ताऱ्यांच्या घोषणांचं पान उघडायची. राजवर्धनचं नाव आता दिसेल, मग दिसेल. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि आपण पुन्हा दूधच घटाघटा प्यायलो! तिला स्वतःचाच भयंकर राग आला.

संध्याकाळी ती गच्चीवर पळाली. तारा जागेवर होता, कालच्यापेक्षा किंचित मंद. ती पुन्हा मोजायला बसणार तोच फोन वाजला. दादाकडून वर्णपटाचं चित्र आलं होतं. खाली दोन ओळी. "नोव्हाच आहे. तुझ्या एकटीच्या नावावर कळव, लवकर."

तिनं चित्र मोठं केलं. लाल भागात हायड्रोजनची रेघ लख्ख उभी होती. पुढे लोखंडाच्या रेघा. प्रत्येक तेजस्वी रेघेच्या निळ्या अंगाला काळा खळगा, म्हणजे वायूचं कवच फाटून आपल्या दिशेनं सुसाट येत होतं. जुनाच तारा, शेजाऱ्याचा वायू ओढता ओढता एक दिवस भडकलेला. शंकेला जागाच नव्हती. देवश्रीनं आधी स्वतःचं नाव घालून खबर पाठवली आणि मग गच्चीवर एकटीच नाचली.

थोड्या वेळानं धरमपुरीहून प्रेमलावहिनीचा फोन आला.

"वन्सं, अभिनंदन हो! हे आत्ताच सांगत होते. तोंड गोड करायला यायचंय मला. पापडही आणले असते, पण वाळतील तर शपथ! रंगपंचमीची रात्र सरली आणि सकाळपासून जे आभाळ गच्च भरलंय, ते अजून तसंच. दोन रात्री झाल्या, चांदणी म्हणून दिसली नाही बघा इथं."

देवश्री हसता हसता थांबली. देवासवर व्याध लखलखत होता. तिनं दादाला तारा कळवला तो काल, रंगपंचमीच्या दुसऱ्या दिवशी.

"वहिनी, दादाला द्या."

"बोल, चिऊ."

किती वर्षांनी ही हाक! तरी ती खेकसलीच. "तू रंगपंचमीलाच पाहिलास ना तो? वर्णपटही त्याच रात्रीचा. मग गप्प का बसलास?"

"तू रोज तिथलेच फोटो काढतेस, माहीत होतं मला. म्हटलं, दिसेल तुला आज ना उद्या."

"आणि मधे कुणी तिसऱ्यानं पळवला असता म्हणजे?"

"तर बसलो असतो दोघंही बोंबलत."

"मग मी विचारल्यावर तरी लगेच पाठवायचास! दिवसभर जीव टांगणीला लावलास माझा."

"लगेच पाठवला असता, तर तुला कळलं नसतं का, वर्णपट तू सांगायच्या आधीच काढलेला आहे ते?"

देवश्रीनं कठड्याला घट्ट धरलं. "दादा, अरे पहिला तू होतास. खोटं नाव लागलं ना माझं!"

"मागच्या वेळी माझं लागलं होतं," राजवर्धन म्हणाला. "फिट्टंफाट, चिऊ."