मावशीचा टाका

चप्पल प्रार्थनाघराच्या उघड्या दारातून उडत आली, धर्मग्रंथाच्या मेजावर आपटली आणि खाली पडली. प्रार्थना मधल्याच ओळीत थांबली.

"देवावर चप्पल मारली!"

ही पहिली आरोळी मावशीची. आवाज मूळचाच खणखणीत, त्यात दिवसभर हातोडीच्या ठोक्यांवरून गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची सवय. तिचं चपला-बूट शिवायचं दुकान होतं. त्या काळी चपला फेकून देत नसत. तळ झिजेपर्यंत शिवून वापरत, आणि बहुतेक गल्ली मावशीच्याच टाक्यांवर चालायची. "माणूस सुटेल, माझा टाका सुटणार नाही," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची.

सगळे बाहेर धावले. रस्त्यात समोरचा घड्याळजी उभा होता, एक पाय अनवाणी. तो दुसऱ्या धर्माचा. एरवी कुणाच्या ते ध्यानातही नसायचं, त्या क्षणी सगळ्यांना आठवलं.

"मुलांचा चेंडू परत मारत होतो," तो म्हणाला. "चुकून उडाली."

"चप्पल चुकून उडते होय रे?" म्हणत मावशीच्या भाच्याने त्याच्या कानाखाली वाजवली. चष्मा धुळीत पडला. बाकीचेही हात उगारून पुढे सरकले. कुणीतरी दगड उचलला आणि त्याच्या दुकानाच्या काचेकडे पाहिलं. घड्याळजीने काही सांगायला तोंड उघडलं. त्याची नजर गर्दीतल्या मावशीवर गेली, आणि त्याने तोंड मिटलं.

आरोळी ठोकताना हा दगड मावशीच्या डोक्यात नव्हता. ती कोपरांनी वाट काढत मध्ये शिरली आणि घड्याळजीला पाठीशी घेऊन उभी राहिली.

"खबरदार! एवढ्याशा चपलेने आपला देव लहान होतो का? रोज क्षमेची प्रार्थना म्हणता ना? मग करा की क्षमा! आणि मारायचंच असेल तर आधी मला मारा."

दगड खाली पडला. लोक पांगले. घड्याळजी चष्मा शोधून, एका पायात चप्पल घालून घरी गेला. इथपर्यंत मावशीचं सगळं बरोबर होतं, आणि मनापासून होतं. बिघडलं ते नंतर.

कारण दुसऱ्या दिवशी गल्ली तिला शाबासकी द्यायला आली. कुणी म्हणालं, तुम्ही होता म्हणून. कुणी म्हणालं, मावशी, तुमचं काळीज समुद्राएवढं. मावशी जमिनीपासून चार बोटं वरून चालायला लागली. टाच ठोकून घ्यायला आलेल्या माणसालाही क्षमेवर चार शब्द ऐकल्याशिवाय बूट परत मिळेना. ती चप्पल तिने वर्तमानपत्रात गुंडाळून फळीवर ठेवली होती. येईल त्याला ती पुडकं दाखवायची, उघडायची मात्र नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या चपला उलटून पाहणाऱ्या बाईने तीच एक पाहिली नाही. पाहायला आता तिला तिचं मोठेपण होतं.

भाचा तेवढा म्हणाला, "मावशी, ओरडलीस आधी तूच ना?"

"गप्प बस," मावशी म्हणाली.

शेवटी तिने ठरवलं, घड्याळजीच्या दुकानात जाऊन क्षमा त्याच्या हातात द्यायची. असं काम एकटीने करून वाया कशाला घालवा? तिने जाऊबाईला आणि शेजारणीला सोबत घेतलं. दोघींना पायरीपाशी उभं केलं. "तो माफी मागायला लागला की मी हाक मारीन," असं सांगून ती आत गेली.

आत भिंतभर घड्याळं टिकटिकत होती. घड्याळजी चष्म्याच्या तुटलेल्या काडीला दोरा बांधत होता.

"हे बघ," मावशीने घसा साफ केला, "माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही. आमच्यात क्षमा ही..." बोलता बोलता तिने पुडकं सोडलं आणि चप्पल मेजावर ठेवली.

पट्टा तळातून उपटून आला होता. भोकांतून दोऱ्याची तुटकी टोकं लोंबत होती. पांढरी, कोरडी, पिंजलेली. मावशी बघतच राहिली. टाका घालण्याआधी दोरा मेणावरून ओढायचा असतो, म्हणजे तो घट्ट बसतो, सहजी तुटत नाही. हा दोरा मेणावरून गेलाच नव्हता. आणि हा पट्टा शिवला होता तिनेच. त्या दिवशी मेणाचा गोळा सापडत नव्हता, गप्पा मात्र ऐन रंगात आल्या होत्या. 'चालतंय' म्हणून तिने कोराच दोरा ओढला होता.

भिंतीवरची घड्याळं एकदम फार मोठ्याने वाजायला लागली.

"तुला ठाऊक होतं?" तिने हळूच विचारलं.

"पायातून सुटली तेव्हाच कळलं."

"मग तेव्हाच का नाही बोललास?"

"सगळ्यांचे हात उगारलेले होते, मावशी. तुमचं नाव घेतलं असतं तर ते तुमच्याकडे वळले असते." त्याने दोऱ्याची गाठ मारली. "मी तोवर एक खाल्लीच होती."

मग त्याने मेजाखालून दुसरी चप्पल काढून तिच्यापुढे सरकवली. "हीसुद्धा तुम्हीच शिवली आहे. जरा बघून ठेवा. गल्लीत मुलं फार खेळतात."

मावशीने दोन्ही चपला उराशी धरल्या आणि बाहेर आली. पुडक्याचा कागद आतच राहिला.

पायरीवर जाऊबाई ताटकळली होती. "हाक मारणार होतीस ना? मागितली का त्याने माफी?"

"नाही गं," मावशी म्हणाली. "दिली."