अर्धा आटा

लेकीच्या लग्नावरून बापलेकीत पडलेल्या अबोल्याला चार वर्षं झाली होती, आणि आज ती गाडी घेऊन थेट वडिलांच्या गॅरेजमध्ये आली. "इंजिन टिकटिक करतंय," एवढंच म्हणाली. वडिलांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर टेकवलं, मूठ कानाला लावली. लहानपणी त्याच मुठीतून ऐकायला ती त्यांच्याकडूनच शिकली होती. "टॅपेट. व्हॉल्व्ह उघडणारा भाग सैल झालाय," ते पुटपुटले. इंजिन बंद करून त्यांनी झाकण उघडलं, टॅपेटचा नट चाचपला. "बरोब्बर अर्धा आटा सैल! ही झीज नव्हे, माझ्या हाताखाली शिकलेल्याची करामत." "दुसरं निमित्तच सुचेना, बाबा." त्यांनी नट आवळून गाडी चालू केली. टिकटिक थांबली. परत यायला निमित्तच उरलं नव्हतं. तिच्याकडे न पाहता वडिलांनी इंजिन बंद करून तोच नट पुन्हा किंचित सैल केला. "महिनाभरात परत वाजेल. येताना नातवालाही आण. त्याचा कान कसाय, बघू."